आधी गोळी, मग दूध

कूलरचं जुनं गवत काढून नवी खस बसवली, पंप सुरू झाला आणि पहिला ओला वास घरभर पसरला, की झाशीतली माणसं म्हणतात, चला, उन्हाळा लागला. आमच्या घरात खशीला अजून वाळाच म्हणतात. माझा धाकटा भाऊ विनू दर वर्षी कूलरपुढं डोळे मिटून उभा राहतो आणि 'वा, काय वाळा आहे!' असं कुणी विचारलेलं नसताना जाहीर करतो. कालही त्यानं ते केलं. मी उठून गच्चीत गेले. बाहेर लू वाहत होती, तोंड भाजत होतं, तरी तिथंच उभी राहिले. सगळ्या गावाला आवडणारा तो वास मला सोसत नाही. त्या वासात मला कोयरी दिसते.

कोयरी माझी मांजर. अंगानं पांढरी, पाठीवर हळदीच्या रंगाचा एकच डाग, तोही हळदीकुंकवाच्या जुन्या डबीसारखा, आंब्याच्या आकाराचा. म्हणून कोयरी. हा शब्द हल्ली पुण्याकडच्या पाहुण्यांनाही समजावून द्यावा लागतो, तिथं झाशीकरांचं काय घेऊन बसलात. शेजारच्या भाभीजी तिला कैरी म्हणत. माझी भावजय सुषमा दतियाची, ती कोयल म्हणे. मांजर मात्र कुणी कोणत्याही नावानं हाक मारली तरी ढिम्म हलत नसे. यायची ती माझी वीज कचेरीतून परतायची वेळ झाली की फाटकाच्या खांबावर. मी निवृत्त झाल्यावरही ती त्याच वेळी खांबावर जाऊन बसायची आणि मी घरातूनच बाहेर आले की फसवल्यासारखी बघायची. लग्न न केलेल्या बाईचं मांजर म्हटलं की लोक जे काही मनात आणतात ते आणोत. माझी वाट बघणारं एवढं एकच माणूस होतं, आणि ते मांजर होतं.

त्या वर्षी पाडवा झाला होता. आमची गुढी उतरवून झाली, भाभीजींचा 'लोटा उल्टा क्यों टाँगते हैं आप लोग' हा वार्षिक प्रश्न विचारून झाला, आणि अंगणातला कडुनिंब फुलला होता. सुषमाच्या हातून स्टीलचा चमचा ताटात पडला. खणकन. कोयरी दारात दूध पीत होती. तिचा एक कान फडफडला, मग गालाची एक बाजू, आणि मग ती अशी कोसळली की दुधाची वाटी पार मोरीपर्यंत गेली. चारी पाय सायकल मारल्यासारखे चालू. तोंडाला फेस. अंगाखाली ओलं. डोळे उघडे, पण त्यांत कुणी नाही. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसून नुसती तिचं नाव घेत होते. संपलं तेव्हा ती उठली आणि भिंतीवर जाऊन आपटली. मग मला हुंगलं, आणि माझ्यावर फिसकारली. माझ्यावर! ते मला आकडीपेक्षा जास्त लागलं.

मग सगळे उंटावरचे शहाणे जमले. भाभीजी म्हणाल्या चामड्याचा जोडा हुंगवा. सुषमा म्हणाली कांदा फोडून लावा नाकाला. विनू बिजौलीच्या एका कारखान्यात हिशेब बघतो, त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण माहीत असतं. तो म्हणाला, बबीन्याकडं तोफांचा सराव चाललाय, वारा तिकडून आला की धमक इथवर येते, जनावराला ती सोसत नाही. मी म्हटलं, मग चमचा कुणी डागला होता?

जनावरांच्या डॉक्टरांकडं बाहेर शेळ्या होत्या, एक म्हशीचं पारडू होतं आणि टोपलीत टॉवेलखाली आमची कोयरी. डॉक्टर भला माणूस होता. त्यांनी विचारलं, दौरे कितने पड़े? आता आमच्या वीज कचेरीत दौरा म्हणजे मोठे साहेब येणार, फायली पुसा, फुलदाण्या मांडा. झाशीत जन्म गेला तरी माझ्या कानात मराठीच आधी शिरते, त्याला काय करू. आकडीला हिंदीत दौरा म्हणतात हे ठाऊक असूनही क्षणभर मला हसू आलं. त्या काळातलं बहुधा शेवटचंच.

ते म्हणाले, मिर्गी लगती है. मी विचारलं, लगती है की आहे? तर म्हणाले, बहनजी, पक्कं सांगायचं तर डोक्याचा फोटो काढायला हवा, तो मांजराचा इथं निघत नाही. रक्त तपासलं, त्यात काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणून मिर्गी. असा हा संशय, आणि त्या संशयावर औषध जन्मभर. सकाळ-संध्याकाळ, एकही वेळ चुकवायची नाही, मनानं बंद तर मुळीच करायचं नाही. माणसांच्याच झटक्यांची गोळी, तिचा चौथा हिस्सा. मी मनात म्हटलं, चतकोर. भाकरीचा असतो तसा गोळीचा चतकोर.

औषधाच्या दुकानातलं तर विचारूच नका. त्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. चिठ्ठीवर नाव कोयरी, वय तीन वर्षं. दुकानदाराचा चेहरा एकदम मऊ झाला. बच्ची को कब से है, म्हणून विचारलं, त्याच्या भाचीलाही होतं, आता बरी आहे, धीर धरा म्हणाला. इतक्या मायेनं माझ्याशी त्या दिवसांत कुणी बोललं नव्हतं. मी मूर्खासारखी खरं बोलले, की बच्ची नाही, बिल्ली आहे. त्यानं गोळ्या दिल्या, पण आधी मागच्या पोऱ्यापासून बाकावर बसलेल्या म्हातारबांपर्यंत सगळ्यांना सांगितलं, आणि सगळे पोटभर हसले. पुढच्या वेळी मी दुसऱ्या दुकानात गेले आणि बच्चीच म्हटलं. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांना करमणूक.

गोळी मुळात शेंगदाण्याच्या पाकळीपेक्षा लहान. तिचे चार तुकडे करायचे म्हणजे सोन्याचं काम. चष्मा चढवून, नवं ब्लेड घेऊन मी सबंध आठवड्याचे तुकडे एकदम करून ठेवत असे, पानाच्या डब्यातल्या चुन्याच्या डबीत. आमच्या घरात मग त्या तुकड्यालाच गोळी म्हणू लागले. कोयरीला टॉवेलात गुंडाळायचं, माझी भाची पलक टॉवेल धरून डोळे मिटून घ्यायची, मी जबडा उघडून तुकडा जिभेच्या मुळाशी टाकायची आणि लगेच दूध पुढं करायची. हा क्रम मोडून चालत नसे. दूध पोटात गेलं की बाईसाहेब तोंड उघडायच्या नाहीत, आणि कोरडी गोळी घशात अडकली तर फेस आणून थुंकायच्या. म्हणून आधी गोळी, मग दूध.

सुरुवातीला तिचे मागचे पाय लटपटायचे, भांग प्यायल्यासारखी चालायची. मग भूक अशी लागली की पोळीचं पीठसुद्धा खायला धावायची. पण आकडी थांबली. कूलरला वाळा बसला तेव्हा ती त्याच्यासमोर फरशीवर पाय ताणून झोपायची, पाठीवरचा डाग श्वासाबरोबर हलायचा, आणि मी पेपर वाचत असल्याचं सोंग करून तेवढंच बघत बसायची. दुपारी पडदे ओढलेले, बाहेर लूचा आवाज, आत पंपाचं पाणी ठिबकतंय. त्या दुपारी मी सुखात होते. लाज कसली, होते.

पलकबद्दल सांगायला हवं. विनूची एकुलती एक. नाव पलक ठेवलं तेव्हाच मी म्हटलं होतं, मराठीत नावं संपली का? विनू म्हणाला, ताई, आपल्याला इथंच राहायचंय. मुलगी गोड. मला आत्याजी म्हणायची. आत्याही नाही, बुआही नाही. त्या एका शब्दात आमचं सगळं घर आलं. मराठी सगळी कळायची, बोलायला लाजायची, आणि बोलली की हिंदीचा सांगाडा दिसायचा. 'मी करून घेईन', 'मी देऊन देईन.' मी तिची टिंगल करत असे आणि ती हसून पुन्हा प्रयत्न करत असे. त्या वर्षी तिच्या बी.एस्सी.च्या परीक्षा होत्या आणि पुस्तक मांडीवर नि मांजर पुस्तकावर असा तिचा अभ्यास चाले. इतकी मराठी ती माझ्याशी बोलत होती ती कोयरीमुळंच. मांजराशी हिंदी बोलायचं नाही, असा आमचा दोघींचा नियम होता.

आणि मग गुरसरायला मावशी पडली. मांडीचं हाड मोडलं, घरात सून बाळंतीण, करणारं दुसरं कुणी नाही. न जाऊन चालणार नव्हतं. बसची वेळ झाली होती, विनू दारात गाडी सुरू करून उभा. मी पलकला चुन्याची डबी दाखवली, टॉवेल दाखवला आणि म्हटलं, "नीट ऐक. आधी गोळी, मग दूध. सकाळ-संध्याकाळ."

ती म्हणाली, "हो आत्याजी. आधी गोळी, मग दूध. चिंता नका करा, मी देऊन देईन."

इतकं स्वच्छ बोलली. मी तिच्या गालावरून हात फिरवला आणि निघाले.

गुरसरायहून मी रोज संध्याकाळी फोन करायची. दिलीस का गं? दिली आत्याजी, आधी गोळी, मग दूध. शाब्बास माझी बाय. मावशीच्या पायाला वजन लटकवलेलं, ती कण्हत असायची, आणि तिच्या उशाशी बसून मी मांजराची चौकशी करते म्हणून घरातले तोंड फिरवून हसायचे. एकदा पलक म्हणाली की गोळी इतकी छोटी होते की बोटातून पडूनच जाते. मी म्हटलं, छोटीच असते ती, लोण्यात घोळव. ती बरं म्हणाली. एवढंच बोलणं झालं.

फोन आला तो भर दुपारी, तिनंच केलेला. कोयरीला दौरा पडला, थांबला, परत पडला. मावशीला तशीच शेजारणीवर सोपवून मी मिळेल त्या बसमध्ये चढले. खिडकीतून मोहाच्या झाडांखाली फुलं वेचणाऱ्या बायका दिसत होत्या, फुलांचा तो आंबूस गोड वास लूबरोबर आत येत होता, आणि ड्रायव्हर प्रत्येक फाट्यावर उतरून पाणी पीत होता. मी त्या माणसाला मनात जितक्या शिव्या दिल्या तितक्या जन्मात कुणाला दिल्या नसतील.

कोयरीला पलकनं कूलरसमोर आणून ठेवलं होतं, तिच्या नेहमीच्या फरशीवर. डॉक्टर आलेले होते. पायाच्या शिरेत सुई दिली होती. आकडी थांबायची, अंग सैल पडायचं, आम्ही श्वास सोडायचो, की कान पुन्हा फडफडायचा. वाळ्याचा गार वास आणि तिच्या मुताचा वास एकत्र. पलक तिच्या डोक्याखाली स्वतःची ओढणी धरून बसली होती.

डॉक्टरांनी विचारलं, दवा छूटी तो नहीं?

पलकनं वर बघितलं. "नहीं डॉक्टर साहब, एक बार भी नहीं. बुआ ने जैसे कहा था वैसे ही दी. आधी गोली, सुबह-शाम."

डॉक्टरांशी म्हणून ती हिंदीत बोलली. आणि हिंदीत तो शब्द माझ्या कानात जसा असायला हवा तसा शिरला. आधी म्हणजे अर्धी. झाशीत जन्मून या वयापर्यंत मी आधा किलो साखर, आधा घंटा, आधी रोटी म्हणत आले, आणि एकदाही दोन शब्द माझ्या डोक्यात एकमेकांसमोर उभे राहिले नव्हते. मराठीची खोली वेगळी, हिंदीची वेगळी. मधलं दार मी कधी उघडूनच पाहिलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, आधी? मैंने तो आधी नहीं लिखी. पलक उठली आणि चुन्याची डबी घेऊन आली. तिनं प्रत्येक चतकोराचे ब्लेडनं दोन केले होते. त्या कणाचे! कसे केले असतील देव जाणे, माझा चष्म्याशिवाय हात चालत नाही तिथं तिनं डोळे फोडून केले होते. आणि उरलेले अर्धे टाकले नव्हते. कागदाच्या पुडीत घालून, पुडी डबीत, सगळे जपून ठेवले होते. आत्याजी आल्यावर कामाला येतील म्हणून.

मी म्हटलं, "आधी म्हणजे पहले गं, पलक. पहले."

ती अगदी हळू म्हणाली, "तो पहले बोलतीं ना, बुआ."

त्या वाक्याचेही दोन अर्थ होतात. कोणत्या अर्थानं ती बोलली, मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

दिवस मावळायच्या आत कोयरी गेली. शेवटी आकडी नव्हती. नुसता श्वास लांब होत गेला आणि पाठीवरचा डाग हलायचा थांबला. डॉक्टर म्हणाले, पूरी देतीं तब भी शायद... कह नहीं सकते. आधी लगती है, शेवटी कह नहीं सकते. त्यांनी आमचं मन राखायला म्हटलं असेल. पण मला तेही सोसलं नाही. कुणीतरी छातीठोक सांगावं, की यानं मेली किंवा यानं नाही. रोगाचा संशय, मरणाचाही संशयच. विनूनं अंगणात कडुनिंबाखाली खड्डा केला. मी तिच्या अंगावर वाळ्याची एक मूठ टाकली, कूलरमधूनच उपसलेली, ओली. का टाकली ठाऊक नाही.

माझं चुकलं असं म्हणाल तर मी मानणार नाही. मी शुद्ध मराठीत, ज्या भाषेत या घरानं मला बोलायला शिकवलं त्या भाषेत, बरोबर तेच सांगितलं होतं. पलकचं चुकलं म्हणाल तर मी तुमच्याशी भांडेन. तिनं ऐकलं तसं, मनापासून, एकही वेळ न चुकवता केलं. दोघी बरोबर, आणि मांजर मेलं. याचा राग कुणावर काढायचा? राग तर आहे. तो कढीसारखा रोज उतू जातो आणि चूल विझवून बसतो.

पुढं गणपती आले. इथली आम्ही मूठभर मराठी घरं एकत्र येतो, आरत्या म्हणतो, मोदक खातो. विनू दर वर्षी भाषण करतो की पेशव्यांच्या काळी आलेल्या आपल्या पूर्वजांची भाषा आपण पिढ्यान्‌पिढ्या कशी जपली. त्या वर्षी भाषणात रंग भरायला त्याला गंमत सापडली. आमच्याकडं काय झालं माहितीये का, म्हणून त्यानं सुरू केलं. आधी आणि आधी. त्यानं पलकचा आवाज काढून दाखवला, 'मी देऊन देईन, आत्याजी.' मंडप हसला. हसून हसून बायकांनी पदर तोंडाला लावले. बबीन्याहून फौजी कुटुंबं आली होती, कोल्हापूर-साताऱ्याकडची, त्यांना तर फारच मजा वाटली. पलक दुसऱ्या रांगेत नऊवारी नेसून, नथ घालून बसली होती. तिला त्याच मंडपात लहानपणी मराठी श्लोकांचं बक्षीस मिळालं होतं. ती हसली नाही, रडलीही नाही. नथ काढून हातात घेतली, एवढंच.

मी उठले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "विनू, खाली बस. जी भाषा तू जपलीस म्हणतोस ती तुझ्या पोरीला तू शिकवली असतीस, तर माझं मांजर जगलं असतं." मग कुणीतरी घाईघाईनं आरतीचं तबक आणलं. घरी येताना विनू म्हणाला, ताई, मांजरच तर होतं. मी त्याच्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाही. मांजर होतं हे मला माहीत आहे. मंडपात कुणी मांजराला हसलं नव्हतं, हे त्याला माहीत नाही.

तेव्हापासून पलक मराठी बोललेली नाही. रुसवा नाही, उद्धटपणा नाही. माझं सगळं करते, माझ्यापाशी बसते, परीक्षेत चांगली पास झाली तेव्हा पहिला पेढा मलाच दिला. पण बोलते ती हिंदी. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते. अधूनमधून मी मुद्दाम काहीतरी चुकीचं सांगते, वाटतं की आता तरी टोकेल मराठीत. ती नाही फसत. आत्याजी हा शब्द या घरातून गेला तो कोयरीबरोबरच.

काल मी गच्चीतून खाली आले तेव्हा घामानं निथळत होते. पंप चालू होता, फरशी गार होती, आणि त्या फरशीवर कुणी नव्हतं. हल्ली मला रक्तदाबाची गोळी सुरू झालीय. पलकनं ती पाकिटातून काढून माझ्या तळहातावर ठेवली. मी सवयीनं आधी चहाच्या कपाकडं हात नेला, तर तिनं कप जरा मागं ओढला.

"बुआ, पहले गोली, फिर चाय," ती म्हणाली. 'पहले' वर तिनं जराही जोर दिला नाही. नेहमीसारखीच बोलली.

मी आधी गोळी घेतली. अख्खी.